मुलगी वर्गाच्या पुढे आहे असं वाटतं. शाळेकडे नेमकं काय मागायचं? (नाशिक)

पाथर्डीफाटा_आई

मुलगी तिसरीत आहे, वय आठ. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. पावसाळ्यात तिला एक नाद लागला. रोज पेपरातून गंगापूर धरणाचा साठा आणि विसर्ग वहीत उतरवायचा आणि आजोबा गोदावरीच्या रामकुंडावरून आले की विचारायचं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी होतं? (नदीपात्रातली ही मूर्ती, पुराची पातळी तिच्यावरून बघतात.) गुडघा, कंबर, छाती असे रकाने पाडलेत. मध्येच एकदा म्हणाली, "आज विसर्ग कालच्यापेक्षा कमी आहे, तरी पाणी कमरेला कसं? वाटेत दुसरीकडून येत असणार." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे बाबांनी सांगितलं, तर आमची हजार लिटरची टाकी ३६ सेकंदांच्या आत भरेल असं तिने तोंडी काढलं. भागाकार शाळेत अजून इतका झालेला नाही.

आता दुसरी बाजू. डायरीत शेरा: लक्ष देत नाही, शेजारच्या मुलांशी बोलते. वर्गपाठ सगळ्यांच्या आधी संपवते आणि मग हिची मस्ती सुरू. युनिट टेस्टला पहिली वगैरे येत नाही. अक्षर दिव्य, पाढे कच्चे. पालकसभेत बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण चंचल." नणंद म्हणते आयक्यू काढून घ्या. एका क्लासवाल्याने मिडब्रेनचं, म्हणजे मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासचं, पत्रक हातात दिलंय. शाळा अशी मुलं ओळखतात का? आणि ओळखून पुढे काय करतात?

कॉलेजरोडकर

अबॅकस लावा, ऑलिम्पियाडचे फॉर्म भरा, वेळ घालवू नका. बुद्धिबळातला विदित गुजराथी आपल्या नाशिकचाच, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. अशा गोष्टी लहानपणीच सुरू कराव्या लागतात.

निवृत्त_बाई_पंचवटी

कॉलेजरोडकर, उदाहरण छान दिलंत, पण मी त्यातून वेगळं काही घेईन. बुद्धिबळात बारा वर्षांच्या पोराला जोडीचा खेळाडू मिळेना, तर त्याला मोठ्यांच्या स्पर्धेत बसवतात. वय कोणी विचारत नाही. शाळेत तिसरीचं मूल गणितात पाचवीचं असेल, तरी वर्षभर तिसरीचीच गणितं सोडवतं. या ताईंच्या मुलीची अडचण ही आहे. तिला अजून एक क्लास लावून वर्गातले ते रिकामे तास भरणार नाहीत.

ताई, मी आधी कळवण भागात आणि नंतर शहरात शिकवलं, स्कॉलरशिपचे वर्गही घेतले. सरळ सांगते, आपल्याकडच्या बहुतेक शाळांत अशी मुलं ओळखायची ठरलेली पद्धत नाही. पहिल्या पाचात येणारी मुलं निवडायची, त्यांना स्कॉलरशिपच्या जादा तासाला बसवायचं, इतकंच. दिव्यांग मुलांसाठी २०१६चा कायदा आहे, त्याचा आधार घेऊन पालक हक्काने सवलत मागू शकतात. प्रज्ञावान मुलांसाठी तसा कायदा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यांच्यासाठी विषयवार मंडळं, शाळेपासून जिल्ह्यापर्यंत, आणि बीएडमध्ये त्या विषयाचा अभ्यास, असं लिहिलं आहे. लिहिलं आहे म्हणून वर्गशिक्षिकेच्या टेबलापर्यंत पोचलं असं समजू नका. तिच्यासमोर पन्नास मुलं असतात.

पुण्याची ज्ञान प्रबोधिनी हे काम १९६२ पासून करते आहे. त्यांच्या प्रशालेत पाचवीला प्रवेश देताना बुद्धिमत्तेच्या चाचण्या घेतात. पण त्यासाठी घर पुण्याला हलवा, असं मी आठ वर्षांच्या मुलीच्या आईला सांगणार नाही.

मिडब्रेनचं पत्रक रद्दीत टाका. डोळ्यांना पट्टी बांधून वाचतात ती मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. त्यात विज्ञान काही नाही. अबॅकसने हिशेबाचा वेग वाढतो, ते ठीक. पण तुमच्या मुलीने "वाटेत दुसरीकडून पाणी येत असणार" म्हटलं, त्याचा वेगाशी काय संबंध? दोन नोंदी जुळत नाहीत हे तिला खटकलं आणि कारण तिने स्वतः शोधलं. मी वर्गात याच्यावर नजर ठेवायचे. मार्कांवर ठेवली असती तर निम्मी मुलं हातची गेली असती.

कळवणकडचा एक मुलगा सांगते. घरी अहिराणी. पुस्तकी मराठीत लिहायचं म्हटलं की पेन खाली. शाब्दिक उदाहरणं कोरी सोडायचा. बापाबरोबर कांदा घेऊन बाजार समितीत जायचा. तिथे इतके क्विंटल, अमुक भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, हातात किती येणार हे हिशेबपट्टी लिहून व्हायच्या आत सांगायचा. लेखी परीक्षेच्या यादीत तो कधीच आला नसता. मी त्याला तेच उदाहरण अहिराणीतून तोंडी घातलं, मग कळलं. म्हणून बुद्धिमापनाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो, चाचणी कोणत्या भाषेत घेणार? बिने-कामत चाचणी मराठीत आहे. मालिनची भारतीय मुलांसाठीची आहे. रेव्हनची तर चित्राकृतींची, भाषा जवळजवळ लागतच नाही. मानसतज्ज्ञाने एकट्या मुलाला समोर बसवून, तासभर तरी देऊन घेतली पाहिजे. मोबाइलवर दहा मिनिटांत आकडा देतात, ती करमणूक समजा.

आकड्याचंही सांगते. सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरातली साधारण दोन मुलं असतात. पण १२७ आणि १३१ यांत फरक करण्याइतकी ही मोजपट्टी बारीक नाही. त्या दिवशी मूल सर्दीने बेजार असलं तरी आकडा खाली येतो. चाचणी जरूर करा, पण ती कशासाठी हे आधी ठरवा. वर्गात लक्ष लागत नाही ते कंटाळ्याने की दुसऱ्या कशाने, हे कळायला हवं असेल तर उपयोग आहे. लग्नाकार्यात सांगायला आकडा हवा असेल तर पैसे वाचवा.

परीक्षांचं थोडक्यात. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते, प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर, दुसऱ्यात बुद्धिमत्ता चाचणी असते. चौथी-सातवीला की पाचवी-आठवीला, हे सरकार मागेपुढे करत आलंय, त्या वर्षी शाळेत विचारा. सहावीत गेली की होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवा. लेखीच्या पुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो, म्हणून मला ती आवडते. धरणाच्या वहीवाल्या मुलीला ती मानवेल. तोवर घाई नाही.

द्राक्षबाग_निफाड

बाईंचं कांद्याचं उदाहरण एक नंबर. आमच्याकडे असली पोरं वाडीवस्तीला आहेत, बघणारं कोणी नाही. खेड्यातल्या पालकांसाठी सांगतो, नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, तिचा फॉर्म पाचवीत असतानाच भरायचा. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमतेला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आपल्या जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. पुतण्या तिथे होता. फी नव्हती, राहणं-जेवणं सरकारचं. पहिलं वर्ष घरच्या आठवणीने रडत काढलं, दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी करमेना.

विशेषशिक्षिका_नाशिकरोड

पाढे कच्चे आणि अक्षर खराब, यावर मी जरा थांबेन. बहुतेक वेळा असं असतं की डोकं पुढे धावतं आणि हात मागे राहतो, तितकंच. पण काही मुलांत तल्लख बुद्धी आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) दोन्ही एकत्र असतात. बुद्धी अक्षमतेला झाकते, अक्षमता बुद्धीला झाकते, आणि मूल मधल्या मार्कांवर राहतं. शाळेला तक्रार करायला जागा नसते, म्हणून कोणी बघत नाही. तिला मोठ्याने वाचायला लावा. अक्षरं गाळते का, ओळ सुटते का, ऐकून सांगायला सोपं आणि लिहायला फार जड जातं का? असं काही दिसलं तर आयक्यूच्या नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका, वाचन-लेखनाची तपासणीही मागा. आणि चष्म्याचा नंबर आधी काढून घ्या, हे बरेच जण विसरतात.

पाथर्डीफाटा_आई

सगळ्यांचे आभार. वाचन तिचं स्वच्छ आहे, डोळे तपासून घेते. बाई, एक विचारू? शाळेत जाऊन "माझी मुलगी फार हुशार आहे" म्हणायला लाज वाटते. वर्गशिक्षिका नवीन आहेत, त्यांना वाटेल शिकवण्यात चूक काढायला आले.

निवृत्त_बाई_पंचवटी

मग ते वाक्य म्हणूच नका. आम्हा शिक्षकांना ते वर्षाला वीस पालक ऐकवतात, कान बधिर होतात. पालकसभेच्या गर्दीत नको, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. सुरुवात त्यांच्या शेऱ्यापासून करा. "ती वर्गात बोलते हे मलाही पटतं, काम संपल्यावर ती काय करू शकेल?" एवढंच. त्रास त्यांनाही होतोच आहे, त्यामुळे त्या ऐकतील.

मग एकच गोष्ट मागा. धड्याच्या शेवटची सर्वांत अवघड पाच गणितं तिला आधी द्यायची. पाचही बरोबर आली तर बाकीची वीस माफ, त्या वेळात तिचं स्वतःचं काम. चुकली तर सगळ्यांबरोबर पहिल्यापासून. यात शिक्षिकेला नवा धडा काढावा लागत नाही, पेपर तपासणं उलट कमी होतं. बाकीच्यांसारखी पंचवीस करून वर आणखी दहा जादा, असं मात्र होऊ देऊ नका. लवकर संपवण्याची ती शिक्षा झाली, मुलं महिन्याभरात शहाणी होऊन हळू लिहायला लागतात.

त्या वेळात काय करायचं हा प्रश्न येईल. वही आहेच की. पुढचा टप्पा तिला द्या: विसर्ग सोडल्यावर रामकुंडावर पाणी चढायला किती तास लागतात? त्याला आलेख लागेल, आणि आलेख तिसरीत नाही, म्हणजे शिकावं लागेल. शाळेत ठेवायला झेरॉक्स द्या, मूळ वही घरी. दोन मुली सोबत घेता आल्या तर अजून चांगलं. एकटीला कोपऱ्यात बसवलं की बाकीची मुलं तिला चिडवतात, आणि तिसरी-चौथीत मैत्रिणी लागतात.

शाळा मोकळ्या मनाची असेल तर दिवाळीनंतर पुढचं विचारा, गणिताच्या तासाला चौथीत बसू देतील का. वेळापत्रक जुळलं तर होतं. अख्खी इयत्ता ओलांडून वर चढवा असं मागू नका, शाळा सहसा तयार होत नाहीत, आणि तुमच्या मुलीची भूक गणिताची दिसते, सगळ्या विषयांची नाही.

मुख्याध्यापकांकडे पहिल्याच भेटीत जाऊ नका. वर्गशिक्षिकेला डावललं की पुढचं वर्ष वाया.

पाढ्यांच्या बाबतीत मी तुमच्या शाळेच्या बाजूने आहे. तीसपर्यंत पाठ हवेतच. तिला सांगा, २८चा येत असता तर टाकीचा हिशेब अजून लवकर झाला असता.