मदत हवी आहे: मोटार-शर्यतीची वैद्यकीय जबाबदारी स्वीकारण्याआधी आयोजकांकडून काय मागावे? (धुळे)

भूलतज्ज्ञ, धुळे

नमस्कार. मी धुळ्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग आमच्या शहरापाशी येऊन मिळत असल्यामुळे वेगात आदळलेल्या गाडीतून काढलेली माणसे मला नेहमीच पाहावी लागतात. मोटार-शर्यतीचा मात्र मला काहीही अनुभव नाही, म्हणून येथे विचारत आहे.

आमच्या भागातील काही तरुण फेब्रुवारीत शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर मातीच्या ट्रॅकवरची ऑटोक्रॉस (वेळ मोजून धावायची वळणांची शर्यत) आणि शेजारच्या सरळ डांबरी पट्ट्यावर 400 मीटरची ड्रॅग रेस (सरळ रेषेतली वेगाची शर्यत) भरवणार आहेत. मुले मेहनती आहेत, गाड्यांवर त्यांचे प्रेम आहे, आणि खान्देशात असे काही उभे राहावे असे मलाही मनापासून वाटते. वैद्यकीय प्रमुख म्हणून माझे नाव द्यावे, अशी त्यांची विनंती आहे. व्यवस्था काय असेल असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की एक रुग्णवाहिका उभी असेल, प्रथमोपचाराची पेटी असेल, आणि एखादी गाडी ट्रॅकवर बंद पडली तर ट्रॅक्टर लगेच आत जाऊन ती ओढून आणेल. माझे काम अपघात झाल्यावर सुरू होईल, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते.

गेले काही दिवस मी या विषयावर वाचत आहे आणि वाचले तितकी माझी काळजी वाढली आहे. 1978 मध्ये इटलीतील मोंझा येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सुरुवातीलाच झालेल्या टकरीत रॉनी पीटरसन या स्वीडिश चालकाचे पाय मोडले. तो शुद्धीवर होता, तरीही दुसऱ्या दिवशी फॅट एम्बोलिझमने गेला. मोडलेल्या लांब हाडांतील चरबी रक्तात उतरून फुप्फुसांपर्यंत पोहोचते, हे आम्ही डॉक्टर रस्त्यावरच्या अपघातांतही पाहतो. त्या दिवशी रुग्णवाहिका यायला बराच वेळ लागला आणि फॉर्म्युला वनचे डॉक्टर, न्यूरोसर्जन सिड वॉटकिन्स यांना पोलिसांच्या कड्यामुळे अपघाताच्या जागी पोहोचता आले नाही. त्यानंतर वॉटकिन्स यांच्या आग्रहामुळे पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागून डॉक्टरांची गाडी धावू लागली. म्हणजे फॉर्म्युला वनसारख्या श्रीमंत खेळातही ही व्यवस्था एक माणूस गमावल्यानंतर आली. आमच्याकडे ती आधीच असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. होकार देण्याआधी मी कोणत्या गोष्टी लेखी मागाव्यात? शर्यत थांबवण्याचा अधिकार डॉक्टरकडे असतो का? आणि गाड्या, अडथळे, प्रेक्षक यांविषयी बोलण्याचा मला हक्क आहे का, की ते माझ्या कक्षेबाहेरचे मानले जाते? प्रत्यक्ष शर्यतींवर काम केलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

माजी मार्शल, नाशिक

ताई, तुम्ही होकार देण्याआधी विचारत आहात, ही फार चांगली गोष्ट आहे. मी बरीच वर्षे रॅली आणि ट्रॅक अशा दोन्ही ठिकाणी मार्शल (कडेला उभे राहून झेंडे दाखवणारा आणि सुरक्षितता सांभाळणारा) म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे ज्या गोष्टीची मला सर्वाधिक भीती वाटली तेथूनच सुरुवात करतो. तो ट्रॅक्टर.

5 ऑक्टोबर 2014 रोजी जपानमधील सुझुका येथे पाऊस पडत होता. एका गाडीचा ताबा सुटून ती कडेला आदळली होती आणि तिला उचलण्यासाठी क्रेनचा ट्रॅक्टर ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात आला होता. दुहेरी पिवळे झेंडे, म्हणजे वेग बराच कमी करण्याची खूण, दाखवले जात होते. पुढच्याच फेरीत फॉर्म्युला वनचा चालक ज्यूल्स बियांची याची गाडी त्याच वळणावर घसरली आणि ताशी सुमारे 126 किलोमीटर वेगाने त्या ट्रॅक्टरवर आदळली. नऊ महिने तो शुद्धीवर आला नाही आणि जुलै 2015 मध्ये गेला. त्याची गाडी जगातील सर्वांत सुरक्षित गाड्यांपैकी होती. पण कडेच्या कुंपणावर आदळण्यासाठी बनवलेली गाडी जमिनीपासून उंच असलेल्या जड यंत्राखाली शिरली, की तिच्या रचनेचा फारसा उपयोग राहत नाही. त्यानंतर 2015 पासून फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कारची पद्धत आली, म्हणजे धोका असताना सर्व चालकांना ठरवून दिलेल्या कमी वेगानेच चालावे लागते.

तुमच्याकडे अशी कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसणार, म्हणून नियम साधा ठेवा: ट्रॅक्टर किंवा जेसीबी आत जाण्यापूर्वी लाल झेंडा दाखवला गेला पाहिजे आणि शेवटची धावती गाडी थांबल्याची खात्री वायरलेसवर झाली पाहिजे. आयोजक म्हणतील की याने वेळ जातो. जाऊ द्यावा.

तुमच्या अधिकाराविषयी. शर्यत थांबवण्याचा अधिकार औपचारिकपणे क्लार्क ऑफ द कोर्स (शर्यतीचा मुख्य संचालक) या पदावरील व्यक्तीकडे असतो, डॉक्टरकडे नाही, आणि तो विभागला जाऊ नये असे माझे मत आहे, कारण दोन माणसे आदेश देऊ लागली की मार्शल गोंधळतात. तुम्ही मागायची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक गाडी सोडण्याआधी वायरलेसवर ‘वैद्यकीय पथक तयार’ असा तुमचा होकार आल्याशिवाय हिरवा झेंडा दाखवला जाणार नाही, एवढी एक अट लेखी घ्या. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत तुमचा होकार येणार नाही आणि शर्यत आपोआप थांबेल. मोठ्या स्पर्धांतही तत्त्व हेच आहे: वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नसेल आणि रस्त्याने ठरावीक वेळेत रुग्णालय गाठता येत नसेल, तर गाड्या ट्रॅकवर सोडत नाहीत. एक रुग्णवाहिका म्हणजे एका अपघातानंतर शून्य रुग्णवाहिका, म्हणून किमान दोन मागा. आणि त्या स्पर्धेसाठी स्वतंत्रपणे ठरवलेल्या असाव्यात. 108 ची गाडी तेथे अडकवून ठेवणे म्हणजे तालुक्यातील दुसऱ्या कोणाची तरी मदत काढून घेणे होय.

आता प्रेक्षक. आपल्याकडे लोकांना बैलगाडा शर्यतीची सवय आहे आणि ते धावपट्टीला खेटून उभे राहतात. मोटारीच्या शर्यतीत हे चालणार नाही. 1955 मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे एक मर्सिडीज प्रेक्षकांच्या बाजूला फेकली गेली आणि चालक पियर लेवेग याच्यासह ऐंशीहून अधिक लोक मेले. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात ट्रॅकवरील शर्यतींवर बंदीच घातली. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. 2019 मध्ये राजस्थानातील बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय स्तरावरील रॅली चालू असताना बंद केलेल्या मार्गावर एक दुचाकी आली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला. तुमच्या जागेला शेतात जाणाऱ्या किती पायवाटा मिळतात, हे आयोजकांना नकाशावर दाखवायला सांगा, आणि प्रत्येक वाटेवर दोरी नव्हे तर माणूस हवा. शक्यतो त्याच गावचा, ज्याचे लोक ऐकतील.

यंत्र अभियंता, जळगाव

डॉक्टर ताई, गाड्या आणि अडथळे तुमच्या कक्षेबाहेर आहेत, असे मुळीच समजू नका. जखम कशी होईल हे तेथेच ठरते. मी थोडे गणित मांडतो, कारण आयोजकांसमोर आकडे ठेवले की चर्चा लवकर संपते.

ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या सिमेंटच्या भिंतीवर आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर सरासरी मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 79 पट होते. तीच गाडी दोन मीटरमध्ये थांबली तर ते सुमारे 20 पटीवर येते. मधला दीड मीटर टायरच्या रांगा देऊ शकतात, पण टायर नुसते रचून ठेवले तर ते उडून जातात आणि गाडी त्यांच्यातून आरपार निघते. ते बोल्टने एकमेकांना घट्ट जोडलेले हवेत आणि समोरच्या बाजूस कन्व्हेयर बेल्टचा पट्टा हवा, म्हणजे गाडीचे नाक टायरांमध्ये शिरत नाही. जळगाव–धुळे पट्ट्यात जुने टायर आणि जिनिंग कारखान्यांचे जुने पट्टे मिळणे अवघड नाही. काळ्या मातीचा ढीग हा पर्याय काही जण सुचवतील. तो फेब्रुवारीपर्यंत दगडासारखा कडक होतो आणि उताराचा असला तर गाडीला उलथवतो, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे.

ड्रॅग रेसमध्ये खरा प्रश्न 400 मीटरच्या पुढे सुरू होतो. ताशी 160 किलोमीटर वेगाने रेषा ओलांडणाऱ्या गाडीला चांगल्या डांबरावर, चांगल्या ब्रेकने थांबायला साधारण 145 मीटर लागतात. डांबरावर धूळ असेल आणि पकड निम्मी झाली, तर 290 मीटर. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ आणि ब्रेक निकामी होण्याची शक्यता यांत धरलेलीच नाही. म्हणून 400 मीटरच्या धावेसाठी त्याहून अधिक लांबीचा रिकामा पट्टा पुढे असावा, असे माझे मत आहे. अमेरिकेत जून 2008 मध्ये स्कॉट कॅलिटा हा अनुभवी ड्रॅग रेसर इंजिनाचा स्फोट झाल्यानंतर पट्ट्याच्या शेवटी थांबू न शकल्यामुळे मेला. त्यानंतर तेथील संघटनेने सर्वांत वेगवान गटांसाठी पाव मैलाची शर्यत कमी करून 1000 फुटांवर, म्हणजे सुमारे 305 मीटरवर आणली. तुमच्याकडे जागा अपुरी असेल, तर धाव 200 मीटरची करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

गाड्यांविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाचपदरी हार्नेस (खांदे, कंबर यांना घट्ट बांधणारा शर्यतीचा पट्टा) बसवून घेतला की मुलांना सुरक्षित वाटते, परंतु छाती घट्ट बांधली जाते आणि हेल्मेटसह डोके मोकळे राहते. समोरून धडक बसली की डोके पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाला तडा जातो. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे नॅस्कार या तेथील मोटार-शर्यतीतला नामवंत चालक डेल अर्नहार्ट याच जखमेने गेला. यावर उपाय म्हणून मिशिगन स्टेट विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले शालक, रेसर जिम डाउनिंग यांच्यासह हॅन्स हे खांद्यावर बसणारे साधन आधीच तयार केलेले होते, पण चालक ते अवघड वाटते म्हणून घालत नसत. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी नॅस्कारने डोके-मान आवरणारे साधन सक्तीचे केले आणि 2003 मध्ये फॉर्म्युला वनने हॅन्स. तुमच्या स्पर्धेत हार्नेस असेल तर हॅन्स आणि रोल केज (गाडी उलटली तरी छत चेपू न देणारा आतला लोखंडी पिंजरा) असलेच पाहिजेत. तिन्ही एकत्र नसतील तर गाडीचा मूळ तीन बिंदूंचा पट्टाच ठेवून वेग मर्यादित करावा.

भूलतज्ज्ञ, धुळे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कवटीच्या तळाच्या जखमेचे कारण इतक्या स्पष्टपणे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. आपल्या उत्तरांतील मुद्दे घेऊन मी आयोजकांना भेटले. दोन रुग्णवाहिका, वायरलेसवरचा होकार आणि ट्रॅक्टरचा नियम त्यांनी मान्य केला. टायरांची व्यवस्था करण्यास ते तयार आहेत. ड्रॅगची धाव 200 मीटर करण्यावर त्यांच्यात मतभेद आहेत, कारण जाहिरात 400 ची झाली आहे. मी त्यांना शांतपणे सांगितले की पट्टा मोजून झाल्यावर पुरेसा निघाला नाही तर माझे नाव काढून टाकावे.

दोन गोष्टींवर अजून मार्गदर्शन हवे आहे. पहिली, आग. माझ्या पथकात परिचारिका आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी आहेत. जळत्या गाडीजवळ कोणी जायचे? दुसरी, काही पालक आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दुचाकी गटात उतरवण्याची मागणी करत आहेत.

माजी मार्शल, नाशिक

आगीजवळ तुमच्या पथकातील कोणीही जायचे नाही, हे आधीच पक्के करा. 1973 मध्ये नेदरलँड्समधील झांडवूर्ट येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रॉजर विल्यमसनची गाडी उलटी होऊन पेटली. तो आत जिवंत होता. जवळच्या मार्शलांकडे अग्निरोधक कपडे नव्हते, शर्यत थांबवली गेली नाही, आणि डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली गाडी सोडून एकट्याने ती गाडी सरळ करण्याची धडपड करत राहिला. विल्यमसन वाचला नाही. याउलट 2020 मध्ये बहारीनला फॉर्म्युला वनचा चालक रोमॅन ग्रोझाँची गाडी कुंपण फाडून दुभंगली आणि पेटली, तेव्हा तो अर्ध्या मिनिटाच्या आत स्वतः बाहेर आला: चालकाभोवतीच्या हॅलो या टायटॅनियमच्या कड्याने डोके वाचवले होते, अंगात अग्निरोधक पोशाख होता आणि मागून येणाऱ्या गाडीतले डॉक्टर लगेच पोहोचले होते. तुमच्या प्रत्येक मार्शल ठाण्यावर भरलेली, तपासलेली अग्निशामक नळकांडी आणि ती चालवून पाहिलेली माणसे हवीत, अग्निशमन दलाचा बंब जागेवर हवा, आणि बाहेरून इंधन व बॅटरी बंद करण्याची कळ नसलेली गाडी तपासणीतच बाद व्हावी. आग नसेल तर घाईने कोणालाही ओढून काढू देऊ नका. आधी डोके धरायचे, हे तुम्ही आम्हाला शिकवाल.

मुलांविषयी माझे मत ठाम आहे. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास आंतरराष्ट्रीय सर्किटवर 13 वर्षांचा एक अत्यंत गुणी दुचाकीस्वार राष्ट्रीय स्पर्धेत पडून मेला, आणि ते सर्किट देशातील सर्वांत अनुभव असलेल्या ट्रॅकांपैकी एक आहे. पहिल्याच वर्षी, नव्या ट्रॅकवर, नव्या मार्शलांच्या भरवशावर अल्पवयीन मुलांना उतरवू नये. आयोजकांनी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या देशातील मोटार-शर्यतींच्या नियामक संघटनेची परवानगी घेतली आहे का, हेही विचारा. परवानगी असेल तर वयाचे आणि लायसन्सचे नियम तेथूनच येतील आणि पालकांना नकार देण्याचे ओझे तुमच्या एकटीवर राहणार नाही.

भूलतज्ज्ञ, धुळे

परवानगीचा अर्ज अजून झालेला नाही, असे आज कळले. तो मंजूर होईपर्यंत तारीख जाहीर करू नये, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. तोपर्यंत पट्टा मोजणे, पायवाटांचा नकाशा आणि मेंदूची शस्त्रक्रिया त्या दिवशी कोठे उपलब्ध असेल याची खात्री, ही कामे चालू ठेवत आहे. धुळ्यापासून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे या शेवटच्या गोष्टीचा निर्णय आधीच झालेला हवा. खान्देशातील कोणी प्रशिक्षित मार्शल असतील आणि एक दिवस आमच्या स्वयंसेवकांना झेंडे व अग्निशामक यांचा सराव देऊ शकत असतील, तर कृपया या धाग्यावर कळवावे.