मदत हवी आहे : रात्री समोरच्या लाईटनं डोळे दिपतात

मंडळी, परवा रात्री बार्शीहून सोलापूरला येताना वैरागच्या पुढं समोरून एक जीप अप्पर (लांबचा झोत) मारत आली. डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा. ती गेली आणि दिसलं काय, तर पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रेडियम. लोंबणारी पाचट बॉनेटला घासायचीच राहिली!

डोळे तपासले, नंबर वाढलेला नाही. गाडीची पुढची काच आतून पुसली, तर फडकं काळं झालं. हेडलाईटची काच मात्र पिवळी पडलीय. मेकॅनिक म्हणतो, ६०/५५ वॅटचे (लांबचा/जवळचा झोत) काढून १००/९० चे बल्ब टाका. होल्डर वितळला तर? शिवाय समोरच्याला त्रास तो वेगळाच. नुसतं पॉलिश करून फरक पडतो का? सोलापुरात चांगलं कुठं करतात?