मदत हवी आहे : मालवणच्या टुरिस्ट बोटींना नियम हवेत, पण रापणवाल्यांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) पोटावर पाय न येता. अर्ज कुठे करायचा?

नमस्कार मंडळी, जरा लांब झालंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आम्ही मालवणचे. घरची एक होडी आहे, चुलत भाऊ चालवतो, मी बुकिंग आणि हिशोब बघतो. सीझनला सकाळी डॉल्फिन, मग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग, म्हणजे खाली जे लिहितोय त्यात आमची होडीपण आलीच.

दिवाळीच्या सुट्टीत स्पॉटवर होडीला होडी लागली होती. प्रत्येकीचा लोखंडी नांगर खाली, आणि वारा फिरला की तो तळावरून खरवडत जातो. निघताना भावाने नांगर ओढला तर मुठीएवढा कोरलचा (प्रवाळाचा) तुकडा अडकून वर आला. मोडलेली बाजू पांढरीफटक, वरून बुळबुळीत, जिवंत होता हो तो. असं गोळ्यासारखं कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, म्हणजे मूठभर व्हायला किती वर्षं लागली असतील बघा. किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

डॉल्फिनचं तेच. एकाला दिसला की फोनाफोनी, सगळे इंजिनं तापवत तिकडेच, आणि पिल्लू घेऊन फिरणारी मादी मधे सापडते. आपल्याकडचे हे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात, ते जाणार कुठे? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे तिथेच. आणि १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किमी, त्यातला किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे खडक मिळून तीनेक चौरस किमी गाभा (कोअर झोन). लाईफ जॅकेट आहेत का, माणसं जास्त भरली का हे बघतात, पण एका स्पॉटवर एका वेळी किती होड्या, डॉल्फिनपासून किती लांब, हे विचारायला आमच्या होडीवर आजवर कोणी आलेलं नाही.

आता खरी अडचण. मी घरी विषय काढला तर काका म्हणाले, "नियम होये म्हणतस, पण पयली बंद होतली ती आमची रापण." त्यांचं चुकलंय असं मला वाटत नाही, अभयारण्य शब्द काढला की अख्ख्या वाड्यात हीच भीती आहे. म्हणून मला असा अर्ज लिहायचाय ज्यात फक्त पर्यटनाच्या होड्यांबद्दल मागणी असेल. नांगराऐवजी कायमचे तरंगते बोये (तळाला वाळूत सिमेंटचा ठोकळा, त्याला दोर, होडी वर बोयाला बांधायची), दर स्पॉटला होड्यांची मर्यादा, आणि डॉल्फिनजवळ इंजिन न्यूट्रल. हे वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे (खारफुटी आणि समुद्री जीव सांभाळणारा) द्यायचं की मेरीटाईम बोर्डाकडे (बंदरं आणि बोटींचं सरकारी मंडळ)? कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद :
दादा, दोन्हीकडे द्या, पण वेगवेगळं. होडीचं लायसन्स, किती माणसं, सेफ्टी हे बोर्डाकडे. अभयारण्याच्या आत पर्यटनाला कशी परवानगी द्यायची हे वन्यजीव कायद्यात, कलम २८ आणि ३३ बघा, म्हणून बोये आणि मर्यादा वन विभागाकडे मागा. काकांना कलम २६अ वाचून दाखवा, समुद्रातलं अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं रक्षण करायचं हे त्यातच लिहिलंय, अर्जात पहिल्या परिच्छेदात तेच टाका. आणि आधी माहिती अधिकारात अभयारण्याच्या मॅनेजमेंट प्लॅनची कॉपी मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्लॅन हातात नसताना गेलात तर टेबलाटेबलावर फिरवतील.

धागाकर्ता :
खूप आभार ताई, २६अ मला माहीतच नव्हतं. काल रात्री काकांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग म्हणाले बोया कुठे टाकायचा ते तुम्हा पोरांना कळायचं नाही, खडक कुठे आणि रेव कुठे हे मी दाखवतो. उद्या ओहोटीला त्यांना घेऊन जातोय, जागा वहीत उतरवून नकाशासकट अर्ज करतो. माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाकतोय. मसुदा झाला की इथेच टाकेन, चुका काढा.