टाइप-सी डॅक लावल्यावर फोनमधून आवाज फार बारीक येतो. दोष नेमका कशात शोधावा?

प्रश्न – टिळकवाडीचा श्रोता (बेळगाव)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून रात्रीच्या जेवणानंतर तास-दीड तास शास्त्रीय संगीत ऐकणे हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. गेल्या दिवाळीत मुलाने ३०० ओहमचा मोठा हेडफोन भेट दिला. माझ्या अँड्रॉइड फोनला हेडफोनचे गोल भोक नाही, म्हणून खडेबाजारातल्या एका दुकानातून बोटाच्या पेराएवढा टाइप-सी डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे छोटे यंत्र) विकत आणला. त्यातून येणारा आवाज स्वच्छ आहे, तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. पण तो इतका बारीक आहे की फोनवरची पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी छताचा पंखा तीनवर असेल तर मंद्रातली आलापी पूर्ण बुडून जाते.

तोच डॅक आणि तोच हेडफोन नातीच्या लॅपटॉपला लावला, तर पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे नेली तरी आवाज भरपूर होतो, त्यामुळे डॅक नादुरुस्त असेल असे मला वाटत नाही. दुकानदाराने दुप्पट किमतीचा, जास्त ताकदीचा डॅक घेण्याचा सल्ला दिला आहे. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘डिसेबल अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ हा पर्यायही चालू करून पाहिला, पण फरक शून्य.

मी प्रामुख्याने कुमार गंधर्वांच्या मैफली ऐकतो (त्यांचे जन्मगाव सुळेभावी आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून जिव्हाळा थोडा अधिकच), आणि त्यांच्या जोडीला आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावरून मी स्वतः कॅसेटवर उतरवून घेतलेले आणि पुढे संगणकावर चढवलेले जुने ध्वनिमुद्रण. नवा डॅक घेणे खरोखर आवश्यक आहे का, की आहे त्यातच काही करता येईल? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – उद्यमबागचा टेस्टबेंच

सर, नमस्कार. लॅपटॉपवर आवाज पुरतो आणि फोनवर पुरत नाही, हे आपण स्वतःच तपासले हे फार चांगले झाले, कारण त्यावरून डॅक आणि हेडफोन दोन्ही संशयातून सुटतात. मी एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांवर काम करतो आणि असे चार-पाच डॅक टेबलावर ठेवून पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अशा जोडणीत आवाजाच्या चाव्या दोन असतात. घरातल्या नळाला पाणी बारीक येत असेल, तर मोरीतली चावी पूर्ण उघडून उपयोग होत नाही, आधी मीटरजवळचा कॉक पाहावा लागतो. येथेही तसेच आहे. फोनवरची पट्टी ही मोरीतली चावी. ती सॉफ्टवेअरमध्ये आकडे लहान-मोठे करते. मीटरजवळचा कॉक डॅकच्या चिपमध्ये असतो. यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या मानकात त्यासाठी वेगळी सोय ठेवलेली आहे आणि लॅपटॉपवरची पट्टी सरकवली की तोच कॉक उघडतो. बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र या कॉकला हात लावत नाहीत. डॅक जोडताक्षणी तो ज्या पातळीवर उभा राहतो, तिथेच राहतो, आणि काही चिपांमध्ये ही सुरुवातीची पातळी बरीच खाली ठेवलेली असते. अॅपलचा टाइप-सी अॅडॅप्टर हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे: आयफोन १५ वर किंवा संगणकावर जो पूर्ण ताकदीने चालतो, तोच अँड्रॉइडवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज देतो. (आपल्यापैकी कोणाच्या नातेवाइकांनी तो परदेशातून आणला असेल, तर मॉडेल क्रमांकही पाहावा. अमेरिकेतला ए२०४९ सुमारे १ व्होल्टपर्यंत जातो, युरोपातला ए२१५५ मुळातच अर्ध्या व्होल्टवर रोखलेला आहे आणि त्यावर कोणताही उपाय चालत नाही.)

आधी साध्या गोष्टी उरकून घ्याव्यात. अँड्रॉइड प्रत्येक जोडणीसाठी आवाजाची वेगळी पातळी लक्षात ठेवतो, म्हणून डॅक लावलेला असताना आणि गाणे चालू असतानाच पट्टी वाढवावी. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ नावाची मर्यादा असते, ती चुकून चालू नाही ना, हे पाहावे. जॅक पूर्ण बसला आहे का, हेही पाहावे. कडक कव्हरामुळे टाइप-सीची पिन अर्धवट राहण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. त्या व्हिडिओतला ‘अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ हा पर्याय केवळ ब्लूटूथसाठी आहे, वायरच्या जोडणीशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा तो पूर्ववत करून टाकावा.

यानंतर मुख्य उपाय. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हे अॅप विकत घ्यावे लागते, हायबाय म्युझिक विनामूल्य आहे. ही अॅप्स अँड्रॉइडची नेहमीची वाट सोडून डॅकशी थेट बोलतात. पहिल्यात हार्डवेअर व्हॉल्यूमची वेगळी पट्टी मिळते आणि ती वर नेली की आतला कॉक उघडतो. आपल्या डॅकच्या कंपनीचे स्वतःचे अॅप असेल, तर त्यातही अशी सोय बहुधा सापडेल. अॅप बंद केल्यावर ही पातळी टिकते की नाही, हे फोन आणि डॅक या जोडीवर अवलंबून असते. माझ्याकडच्या जोडीत ती डॅक उपटेपर्यंत टिकते; काढून पुन्हा लावला की मूळ पदावर येते.

एक कळकळीची सूचना: हे करताना हेडफोन कानांवर नसावा आणि फोनची पट्टी तळाशी असावी. कॉक पूर्ण उघडा आणि वरची पट्टीही पूर्ण वर, अशा स्थितीत पहिलाच सूर कानाला इजा करणारा ठरू शकतो.

खात्री करायची असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. ५० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा (म्हणजे डिजिटल फाइलीत मावेल तेवढा मोठा) सूर फोनवर लावावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि जॅकच्या टोकावर व बुडाच्या कड्यावर काड्या टेकवाव्यात. हेडफोन जोडलेला असतानाच मोजावे, त्यासाठी दोन तोंडांची वायर लागेल. काही डॅक भार लागल्याशिवाय जागेच होत नाहीत.

उत्तर २ – निपाणीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात हेडफोनच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या बाजूने भर घालतो, कारण सरांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आवाज खालीच ओढत आहेत.

३०० ओहमच्या हेडफोनला विद्युतप्रवाह कमी लागतो, पण व्होल्टेज चांगले लागते. सेनहायझरच्या एचडी ६०० चे उदाहरण घेऊ: १ व्होल्टला त्यातून ९७ डेसिबल आवाज मिळतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टला ९१. ही झाली पूर्ण पातळीच्या सुराची गोष्ट. कॅसेटवरून उतरवलेल्या मुद्रणाचे सर्वांत उंच शिखरच जर पूर्ण पातळीच्या १५ डेसिबल खाली असेल, तर मोठ्यात मोठी तान ७६ वर येते, आणि आलापी तिच्याहूनही २० डेसिबल हळू असेल तर ती ५६ वर. पंखा फिरत असताना तिचे काय होत असेल, हे सरांनी लिहिलेच आहे. हल्लीची चित्रपटगीते मुळातच कमाल पातळीला खेटून तयार केलेली असल्यामुळे त्याच जोडणीवर ती व्यवस्थित ऐकू येतात, आणि मग माणूस कधी फोनला तर कधी डॅकला दोष देत बसतो.

म्हणून कॅसेटच्या फाइलींवर एकदा हात फिरवावा, असे सुचवतो. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर नातीच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यावे, फाइल उघडून सर्व निवडावी आणि ‘अॅम्प्लिफाय’ द्यावे. शिखर कमाल पातळीला टेकेपर्यंत किती वाढ देता येईल, तो आकडा ते स्वतःच दाखवते. टाळीचा किंवा माइकला धक्का लागल्याचा एखादाच मोठा आवाज मध्ये असेल तर हा आकडा फसवा लहान येतो, तेवढा तुकडा आधी हळू करून घ्यावा. टेपची खरखरही तेवढीच वाढेल, पण गाण्याच्या तुलनेत ती होती तेवढीच राहील. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी आणि बदललेली वेगळ्या नावाने साठवावी.

२ व्होल्ट देणारे डॅक मिळतात आणि अर्ध्या व्होल्टच्या तुलनेत ते १२ डेसिबल जास्त देतात, हे खरे आहे. परंतु त्या नव्या डॅकचा आतला कॉकही फोनवर अर्धवटच उघडा राहिला, तर पैसे पाण्यात जातील. तेव्हा आहे त्या डॅकचे आधी पाहून घ्यावे.

उत्तर ३ – वडगावचा मागवाला

आमचे घर आणि यंत्रमाग यांच्यामध्ये एक भिंत आहे, त्यामुळे आवाज कमी पडण्याची तक्रार मी वर्षानुवर्षे केली आणि दरवेळी जास्त ताकदीच्या यंत्राच्या मागे लागलो. त्याचा परिणाम असा झाला की संध्याकाळी माग थांबल्यावरही कानात शिट्टी वाजत राही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला फक्त ५. हा हिशेब कळल्यावर मी उलट बाजूने विचार केला आणि कानात घट्ट बसणारे, फोमच्या बोंड्यांचे इअरफोन घेतले. बाहेरचा गोंगाटच आत कमी आल्यामुळे आता फोनची पट्टी निम्म्याच्या खाली असते. सर, आपला हेडफोन मागून उघड्या जाळीचा असेल, तर पंख्याचा आवाज तो अजिबात अडवणार नाही. आवाज वाढवण्याआधी पंखा एकवर आणून पाहावा, अशी विनंती.

पुन्हा प्रश्नकर्ता – टिळकवाडीचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या वायरमन मुलाला मल्टिमीटर घेऊन बोलावले आणि दोघांनी मिळून सांगितल्याप्रमाणे मोजले. फोनवरून पूर्ण पातळीला ०.४१ व्होल्ट भरले. अॅपमधली हार्डवेअरची पट्टी वर नेल्यावर ०.९८. हिशेब केला तर साडेसात डेसिबलची वाढ झाली, आणि एक रुपयाचेही नवे यंत्र घ्यावे लागले नाही. मीडिया व्हॉल्यूमची मर्यादा बंदच होती. हेडफोन मात्र उघड्या जाळीचा निघाला, म्हणून पंखा एकवर आणला आहे.

कॅसेटच्या फाइलींचा अंदाज निपाणीकरांनी जवळजवळ अचूक बांधला होता: पहिल्याच फाइलीला ऑडॅसिटीने १४ डेसिबल वाढ दाखवली. काल रात्री तीच लावली. गाणे सुरू होण्याआधी तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला सुरात आणत आहे, आणि मागे कोणीतरी हलकेच ‘थोडा चढा’ असे म्हणते. इतकी वर्षे ही कॅसेट माझ्याजवळ आहे, पण हे शब्द मी प्रथमच ऐकले. फोनची पट्टी तेव्हा साठ टक्क्यांवर होती.

एवढेच की चार्जिंगसाठी डॅक काढला की पातळी पुन्हा खाली येते आणि सर्व क्रम पहिल्यापासून करावा लागतो. तो क्रम मी एका चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवला आहे, आणि ‘आधी पट्टी तळाशी, हेडफोन कानांवर नको’ ही ओळ तिच्यावर सर्वांत वर, तांबड्या शाईने लिहिली आहे.