'रोज फक्त एक तास' आणि समुपदेशनाची पदवी

खाडीकाठ:
परवा इथे एका ताईंनी लिहिलं, "मुलं झोपली की रोज एक तास द्या, दोन वर्षांत ख्रिस्ती समुपदेशनाची पदवी हातात, मग चर्चच्या खोलीत केंद्र उघडा." लाइकचा पाऊस पडला, म्हणून हे लांबण लावतोय. 64 क्रेडिटचा अभ्यासक्रम धरा. क्रेडिटला 30 तास, म्हणजे 1,920. रोज एक तास केलात तर दोन वर्षांत होतात 730. बाकीचे आजी भरणार का? शिवाय हे नुसतं वाचन नाही. पाऊण तासाच्या भेटीची शब्दशः नोंद लिहायला दोन-तीन तास जातात, तेही त्याच रात्री. दुसऱ्या दिवसावर ढकललीत तर समोरचा काय बोलला ते राहतं आणि तुम्हाला काय वाटलं तेवढंच कागदावर उतरतं. मार्गदर्शक ते दोन ओळींत ओळखतात.

मांडवीकर:
हिशेब बरोबर, सूर खवचट. रोजचा तास नकोच, शनिवारी दुपारी चार तास आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर चार, सलग. मुलं नवऱ्याकडे. लेखी काम मे महिन्यात उरका, कारण जूनची परीक्षा आणि शाळा उघडणं एकदमच येतं. डिसेंबरची परीक्षा नाताळच्या नेवऱ्यांच्या पिठात अडकते.

खाडीकाठ:
मे महिन्यात? आंबा, लग्नं आणि मुंबईचे पाहुणे एकाच वेळी? आणि आठवड्याला आठ तास म्हणजे दोन वर्षांत 832. माझ्यापेक्षा 102 जास्त, अभिनंदन.

बंदरावरचो:
अरे मेल्यांनो, पावसात लाइट गेली काय तुमचो ऑनलाइन वर्ग खंय ऱ्हवतलो? आधी ता सांगा.

सातबारा:
ऑनलाइन कुठलं घेऊन बसलात! मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद करायला लावलेत. उरली सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं धर्मशास्त्राचं कॉलेज. तिथे एमटीएचला, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला, आधी बीडी ही धर्मशास्त्राची पदवी लागते, आणि एवढं करून हातात कागदच.

मांडवीकर:
कागद म्हणू नका. या पदव्यांमागच्या सेरामपूर कॉलेजची सनद 1827 ची, आपलं मुंबई विद्यापीठ 1857 चं.

सातबारा:
सनदेला नमस्कार. पण तिच्या जोरावर पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते.

खाडीकाठ:
पाटीपेक्षा खोलीचं बोला. फादरच्या बंगल्याला लागून खोली म्हणजे कोण आलं, किती वेळ बसलं, डोळे पुसत निघालं का, हे अख्ख्या वाडीला संध्याकाळच्या आत. शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत बसा. आणि जिच्या नवऱ्याबरोबर तुम्ही पॅरिश कौन्सिलवर आहात, तिची केस घेऊ नका.

मांडवीकर:
मग कन्फेशनला, फादरपुढे पाप कबूल करायला, काय अख्खी वाडी जात नाही?

सातबारा:
कन्फेशनची गुप्तता फादरची, तुमची नव्हे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलंत तर कलम 21, सहा महिन्यांपर्यंत कैद. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून सही घ्यायची. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलीत तर माणूस परत येत नाही.

मांडवीकर:
असं आधीच बजावल्यावर तोंड कोण उघडणार? तुम्हाला श्रद्धाच नकोय, सरळ बोला ना.

खाडीकाठ:
कुणी म्हटलं? प्रार्थना करा, पण समोरच्याने मागितली तर आणि भेटीच्या शेवटी. सुरुवातीलाच केलीत तर रडणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं, बाई सावरली. मार खाऊन आलेल्या बाईला "क्षमा कर, देव बघतोय" सांगून घरी धाडणं याला मी समुपदेशन म्हणणार नाही. तिला संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता द्या, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. कुणी जीव द्यायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, तिथेच बसून 14416 ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन लावा.

मांडवीकर:
मारहाणीचं मान्य. सही घ्यायचंही मान्य, कुरकुरत. आणि घ्या, दोन नाही, पाच वर्षं म्हणते. आठवड्याला आठ तासांनी 240 आठवडे होतात, मीही गुणाकार शिकलेय. आता शनिवारी दुपारची भांडी तुमच्याकडे कोण घासतं तेही लिहा, म्हणजे हिशेब पुरा होईल.

बंदरावरचो:
लाइटीचा कोणीच सांगूक नाय.

खाडीकाठ:
मोबाइलवर व्याख्यान आधी उतरवून ठेवा, पॉवर बँक भरलेली ठेवा. भांड्यांसाठी वेगळा धागा काढा.