मेक्सिकोचा समुद्र, गजबजलेलं हॉटेल आणि तुमचं टेबल: अनुभव लिहा

शिकागोहून, धागाकर्ती:

फेब्रुवारीच्या थंडीला वैतागून आम्ही पाच जण पुएर्तो वायार्ताला जाऊन आलो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, म्हणून आईबाबांनाही नेता आलं. पहिल्याच संध्याकाळी लोस मुएर्तोस किनाऱ्यावर जेवायला गेलो. नावाचा अर्थ मेलेल्यांचा किनारा. बाबा म्हणाले, "मेलेले उठून बसतील एवढा गोंगाट आहे."

खरंच होता. टेबलं थेट वाळूत, एक पाय रुतलेला, त्यामुळे पाण्याचे ग्लास कायम तिरके. एकीकडे मारियाचीवाले, म्हणजे तिथले गाणारे-वाजवणारे, ट्रम्पेट फुंकतायत, दुसरीकडे काडीला खोचून भाजलेले मासे विकणारा टेबलांमधून फिरतोय. त्या माशाला तिथे 'पेस्कादो एम्बाराझादो' म्हणतात. शब्दशः अर्थ गरोदर मासा! मूळ शब्द 'एन वारा आसादो', म्हणजे काठीवर भाजलेला. भरभर म्हटलं की गरोदर ऐकू येतं.

तेवढ्यात वेटर आमच्यापुढेच साल्सा, म्हणजे टोमॅटोची चटणी, करायला आला. काळ्या दगडाचा तीन पायांचा खल, त्याला मोल्काहेते म्हणतात. त्यात भाजलेले टोमॅटो घालून त्याने बत्ता उचलला आणि आई अस्वस्थ झाली. "त्याला सांग, आधी मीठ आणि लसूण वाट. टोमॅटो घातल्यावर लसूण सरकतो नुसता." मी सांगणार कशी? माझं स्पॅनिश नमस्कारापुरतं. आईने सरळ हात पुढे केला. त्याने क्षणभर बघितलं आणि बत्ता तिच्या हातात दिला. मग खल रिकामा झाला, मीठ-लसूण पडला, ओढणी कमरेला खोचली गेली. दोन मिरच्या, मग टोमॅटो, शेवटी कोथिंबीर. तोवर आणखी दोन वेटर येऊन उभे. चव घेऊन आमचा वेटर एवढंच म्हणाला, "सेन्योरा!" आणि खल उचलून आतल्या आचाऱ्याला दाखवायला घेऊन गेला. परत आणला तेव्हा निम्मा रिकामा होता.

तुमचे अनुभव लिहा. चांगले, फजितीचे, दोन्ही.

ऑस्टिनहून:

फजितीचा आमच्याकडे आहे. प्लाया देल कार्मेनला मेन्यू उघडला तर तीन टाको $210! नवरा खुर्ची सरकवून उठलाच. "चल, दुकानातून ब्रेड घेऊ." शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हसू आवरेना. मेक्सिकोत पेसोचं चिन्हही तेच असतं हो! डॉलरला साधारण 17 ते 20 पेसो धरले तर टाको स्वस्तच होते.

दुसऱ्या दिवशी मात्र खरंच पैसे गेले. एका हॉटेलात बिलात आधीच 15 टक्के सेवाशुल्क लावलं होतं, आम्ही वर आणखी 15 टक्के टीप ठेवून आलो. टीप, म्हणजे 'प्रोपिना', तिथे ऐच्छिक आहे; 10 ते 15 टक्के देतात. पण आधी बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कार्डाच्या मशीनने डॉलर की पेसो विचारलं तर पेसोच दाबा.

पुण्याहून:

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गोमांस येतं, म्हणून मला हॅमचे तुकडे पेरलेलं काहीतरी मिळालं. वेटर बिचारा प्रामाणिकपणे गोंधळला होता. चिकन नको, मासे नको, हॅम नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. लाल भात बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते. 'येवा मान्तेका?' हा प्रश्न पाठ करून जा, चरबी घातलीय का असा त्याचा अर्थ.

पण उपाशी राहिले नाही. निवडुंगाच्या फड्यांची भाजी, तिथलं नाव नोपालेस, भेंडीसारखी बुळबुळीत आणि किंचित आंबट. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडलेली पोळी. चीज भरलेली मोठी मिरची, चिले रेयेनो. आणि आगुआ दे हामाइका नावाचं लालभडक थंड सरबत. चार दिवस पीत होते, पाचव्या दिवशी बाजारात सुकी फुलं बघितली आणि कळलं, ही तर आपली लाल अंबाडी!

ह्यूस्टनहून:

मारियाचीवाले गाण्यागणिक पैसे घेतात. आधी विचारा. आम्ही चार गाण्यांनंतर विचारलं.

टोरांटोहून, मूळचा वेंगुर्ल्याचा:

इस्ला मुहेरेस हे कानकूनसमोरचं छोटं बेट, होडीने जायचं. किनाऱ्यावरच्या एका छपराखाली तिकिन शिक मागवला. अख्खा मासा मधोमध चिरून उघडतात, त्याला शेंद्रीच्या बियांचं लाल वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळतात आणि केळीच्या पानात ठेवून विस्तवावर भाजतात. पान उघडल्यावर जो वास आला, त्याने मी घरी पोचलो. आमच्याकडे शेंद्रीच्या जागी मिरची-कोकम असतं, बाकी पान तेच, धूर तोच. आजूबाजूला कुटुंबंच्या कुटुंबं जेवत होती, पोरं मधेच पाण्यात उडी मारून ओल्या अंगाने परत टेबलावर. जाणारा-येणारा अनोळखी माणूसही 'प्रोवेचो' म्हणून जायचा, म्हणजे सावकाश जेवा.

आणि मग माझा माज उतरला. वाटीत कांदा-टोमॅटोची साधी कोशिंबीर दिसत होती. वेटर म्हणाला, जपून. मी म्हटलं, आम्ही लवंगी मिरची खाणारी माणसं. चमचाभर तोंडात टाकली. आबानेरो मिरची! त्या कोशिंबिरीचं माया भाषेतलं नाव श्नीपेक, म्हणजे कुत्र्याचं नाक, कारण खाणाऱ्याचं नाक तसं ओलं होतं. माझं झालं. बियरने आणखी भडकली. शेवटी ओर्चाता नावाच्या तांदळाच्या गोड, दुधट सरबताने वाचवलं. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, मूळची तिकडचीच. तिच्या माहेरी जाऊन मिजास करायला नको होती.

सान दिएगोहून:

वाढदिवस असेल तर हॉटेलात चुकूनही सांगू नका. किंवा सांगाच. सासऱ्यांची साठी एन्सेनादात केली. मी वेटरच्या कानात सांगितलं आणि पाच मिनिटांत दिवे मंद, 'लास मान्यानितास' सुरू, अनोळखी टेबलंसुद्धा गाऊ लागली. मग सगळं हॉटेल ठेक्यात 'मोर्दीदा! मोर्दीदा!' ओरडायला लागलं. मोर्दीदा म्हणजे चावा. केकचा पहिला घास हात न लावता घ्यायचा, आणि वाकलं की मागून कोणीतरी डोकं दाबतं. आमच्याकडे जावयाने सासऱ्यांचं डोकं केकमध्ये दाबावं अशी पद्धत नाही, म्हणून मी मागे सरलो. सासूबाई पुढे आल्या.

नाशिकहून:

आमचं विमान चुकता चुकता राहिलं ते बिलामुळे. जेवण संपून पाऊण तास झाला तरी बिल येईना. आम्हाला वाटलं विसरले. मागितल्याशिवाय बिल टेबलावर आणणं तिथे उद्धटपणा समजतात, जणू 'उठा आता' म्हटल्यासारखं. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा, नाहीतर हवेत सही करून दाखवा.

धागाकर्ती:

सासूबाई पुढे आल्या!! फोटो असेल तर टाका.

आमच्या आईचं पुढचं. निघायच्या दिवशी तिने बाजारातून मोल्काहेते विकत घेतलाच. वजन साडेसहा किलो, बाबांचे दोन शर्ट आणि माझे बूट मागे ठेवून तो बॅगेत बसला. नवीन दगडाची कच जायला त्यात कोरडे तांदूळ वाटतात, पीठ पांढरंशुभ्र येईपर्यंत पुन्हा पुन्हा. आईला हे कोणी सांगावं लागलं नाही, टाकी लावल्यावर पाट्याचंही तेच करायचं असतं म्हणे. आज चौथा दिवस. तांदूळ अजून करडाच निघतोय.