परदेशात पाण्याकाठी जेवताना: नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

लहानपणी घरात कुणी "चला, गंगेवर जाऊ" म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. घाटाच्या पायरीवर बसकण आणि कागदाच्या पुडीत भेळभत्ता. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, आणि काहीतरी खाल्ल्याशिवाय तिथून उठत नाही. परदेशात गेलं तरी ही सवय सुटत नाही. नवं शहर आलं की माझे पाय आधी नदी, खाडी, बंदर शोधतात.

म्हणून हा धागा. हॉटेलांची यादी नको. काय खाल्लं, पाणी किती जवळ होतं, शाकाहारी माणसाचं काय झालं, पैसे कुठे वाया गेले, ते मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करते.

इस्तंबूल, मे 2018. एमिनोनूच्या धक्क्याला नक्षीदार नावा बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावरच तव्यावर मासे भाजत असतात. शेजारून मोठी फेरीबोट गेली की अख्खी नाव वरखाली होते, पण भाजणाऱ्यांचा हात थांबत नाही. अर्ध्या लांबट पावात बांगड्याच्या जातीचा मासा, कांदा, सॅलडची पानं, वर लिंबू. याला 'बालुक एकमेक' म्हणतात, म्हणजे सरळ मासा-पाव. नवऱ्याने दोन खाल्ले. मी मासे खात नाही. पण शेजारच्या गाडीवर बिटाने लालभडक झालेलं लोणच्याचं पाणी पेल्यात मिळत होतं. आपल्या लोणच्याचा खारच तो, पेलाभर! आंबट-खारट, थंडगार. मी दोन पेले प्यायले.

समोरच गलाता पूल. वर गळ टाकून बसलेल्यांची रांग, खालच्या मजल्यावर रेस्टॉरंटं. वरून सोडलेल्या दोऱ्या खाली जेवणाऱ्यांच्या समोरून पाण्यात जातात, आणि मध्येच एखादी चमकती मासोळी टेबलासमोरून वर निघून जाते. आम्ही तिथे जेवलो नाही. कादिकॉयला जाणाऱ्या बोटीत बसलो. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. हातात तीळ लावलेला, सिमित नावाचा कड्यासारखा पाव आणि कमरेला बारीक अशा छोट्या काचेच्या ग्लासात कोरा चहा. त्या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं जेवण तेच.

सिडकोतून

आमचं व्हेनिस. पहिल्याच दिवशी दमलो होतो, कालव्याला लागून टेबल दिसलं आणि बसलो. बिल आलं तेव्हा पदार्थांच्या किमतीशिवाय माणशी 'कोपेर्तो' लावलेला. म्हणजे टेबलावर बसण्याचे आणि पावाचे पैसे. ही तिथली रीतच आहे आणि मेनूकार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते, हे नंतर कळलं. पण आम्हाला शिळा पास्ता मिळाला होता, त्यामुळे फार लागलं. बाबांचा पहिला परदेश प्रवास होता आणि ते त्या संध्याकाळी काही बोललेच नाहीत. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी सांगितलं, 'बाकारो'त जा. छोटं दुकान, काउंटरवर पावाच्या तुकड्यांवर निरनिराळं काही रचलेलं, त्यांना चिकेत्ती म्हणतात. चीज, आर्टिचोक नावाची भाजी, अंडं, वांगं असं बोट दाखवून घ्यायचं आणि उभ्यानेच खायचं. उभ्याचा दर कमी, टेबलाचा जास्त. पुड्या घेऊन पायऱ्यांवर बसू नका, तिथे त्याला दंड आहे.

दुकानाच्या भिंतीवर पुराची खूण होती. 4 नोव्हेंबर 1966 ला व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी 194 सेंटीमीटरपर्यंत चढलं होतं. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे यांचाही दुतोंड्या मारुती आहे तर." मग दुकानदाराला हातवाऱ्यांनी समजावत बसले, की पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून आमच्या गावात पूर मोजतात. तो काउंटर सोडून बाहेर आला आणि ऐकत उभा राहिला. 2020 पासून भरती मोठी असली की समुद्राच्या तोंडाशी दरवाजे उभे करतात, असं त्यानेही आम्हाला सांगितलं.

पंचवटीतून

सिंगापूर नदीकाठी रात्री जेवलो. एक सूचना आधी: मेनूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली तर सेवाशुल्क आणि कर वेगळे धरा. तिथला जीएसटी 2024 पासून 9 टक्के आहे.

पण मला लिहायचंय ते नदीबद्दल. ही नदी एके काळी गटारासारखी वाहत होती. 1977 ला साफसफाई हाती घेतली आणि 1987 पर्यंत दहा वर्षं ती चालली. डुकरं पाळणाऱ्यांना हलवलं, मालवाहू होड्या दुसरीकडे नेल्या, काठावरच्या खाद्यविक्रेत्यांना नळ आणि गटार असलेल्या पक्क्या बाजारांत गाळे दिले. ज्यांना हलवलं त्यांना ते सोपं गेलं नसणार, हेही खरं. तरी मी भाताची थाळी पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि पाण्याला वास नव्हता. माझं घर घाटापासून चालत पाच मिनिटांवर. पाणवेली साचल्या की मी मुलांना संध्याकाळी तिकडे नेत नाही. घास तोंडात फिरत होता त्या रात्री. दहा वर्षांत होतं, हे मी डोळ्यांनी पाहून आलोय.

इंदिरानगरमधून

बँकॉक, सासूबाईंसोबत, तेही चातुर्मासात. त्या कांदा-लसूण खात नाहीत. मी घरून दशम्या, चटणी, चिवडा नेलाच होता. तिथे पिवळ्या रंगावर लाल अक्षर असलेली पाटी दिसली की समजायचं, हे 'जे' जेवण. बौद्ध पद्धतीचं, मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही! बाकीकडे भाजीतही फिश सॉस पडतो, म्हणून नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. आम्ही ते भात-टोफू बांधून घेतलं, था तिएनच्या धक्क्याजवळ बसलो, समोर चाओ फ्राया नदी आणि पलीकडे वात अरुण मंदिरावर दिवे लागत होते. सासूबाईंनी जेवण्याआधी नदीला हात जोडले. शेजारच्या थाई आजींनीही जोडले.

नाशिकरोडहून

पॅरिस. काठावरच्या रेस्टॉरंटात बाटलीबंद पाणी मागू नका, 'काराफ दो' म्हणा. जेवणासोबत नळाचं पाणी फुकट देणं तिथे बंधनकारक आहे. बाकी बेकरीतला पाव आणि चीज घेऊन सेन नदीच्या काठी बसा.

देवळालीहून

मॉरिशस, पोर्ट लुईचं बंदर. गाडीवर 'धोल पुरी' घेतली. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, गोड नाही, जोडीनेच देतात, आत वालासारख्या दाण्यांची रस्सा भाजी आणि तिखट चटणी. बोटी बघत उभ्यानेच खाल्ली. विकणाऱ्या मावशी आमचं बोलणं ऐकून थबकल्या. "मराठी?" म्हणाल्या. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीला आले होते. त्यांना चार-पाच शब्दच येत होते, पण "बस, जेव" हे दोन अगदी आपल्यासारखे. तिसरी जोडी त्यांनी पैसे न घेता दिली.

पाथर्डी फाट्यावरून

पुढच्या महिन्यात आईबाबांना इस्तंबूलला नेतोय. दोघंही शुद्ध शाकाहारी. ताई, लोणच्याच्या पाण्यावर त्यांचा दिवस कसा निघेल?

धागा काढणारी

निघेल रे. 'मेर्जिमेक चोर्बासी' माग, मसुराच्या डाळीचं घट्ट सूप, वर लिंबू पिळून. फक्त आधी "एत सुयु?" असं विचार, म्हणजे मटणाचं पाणी घातलंय का. नसेल तरच घे. आणि आईला बोटीत खिडकीशी नको, बाहेरच्या बाकावर बसव. वारा असतो, शाल ठेव.